मंडळीतील लहान गट : आधी विचारपूस, मग बैठक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात ख्रिस्ती मंडळ्यांविषयीची, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांविषयीची, पत्रे अधूनमधून वाचायला मिळतात. पण त्यांतील बहुतेक मालमत्तेचे वाद, विश्वस्तांच्या निवडणुका किंवा पाळकांच्या (पास्टरांच्या) बदल्या यांच्याभोवती फिरतात. सामान्य सभासदाच्या जगण्याला याहून जवळचा असलेला एक विषय मागे राहतो, तो म्हणजे मंडळीतील लहान सहभागिता गटांची बांधणी. कोणी त्यांना घरसभा म्हणतात, कोणी सेल ग्रुप, कोणी कॉटेज मीटिंग. कॅथलिक बांधवांमध्ये लहान ख्रिस्ती समूह ही संज्ञा रूढ आहे. नावे निराळी असली तरी अडचणी बऱ्याच सारख्या असतात. मंडळीच्या कामकाजात काही काळ भाग घेतलेली एक सभासद म्हणून त्यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

गट सुरू करायचे ठरले की कार्यकारिणीत पहिली चर्चा होते ती वार, वेळ, घरांची यादी आणि अभ्यासासाठी घ्यायचे पुस्तक यांची. हा क्रमच मला चुकीचा वाटतो. गट कशासाठी हवा हे न ठरवता वेळापत्रक केले, तर काही महिन्यांत प्रत्येक गट रविवारच्या उपासनेची छोटी नक्कल होऊन बसतो : दोन गीते, एक प्रार्थना, गटप्रमुखाचे अर्ध्या तासाचे भाषण, शेवटची प्रार्थना आणि निरोप. उपदेश ऐकायला रविवार आहेच. जे रविवारी होऊ शकत नाही, म्हणजे कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोण तीन आठवडे दिसले नाही, कोणाच्या घरी अबोला चालला आहे हे वेळेवर कळणे आणि त्यावर कोणीतरी काही करणे, त्यासाठी गट हवा. शास्त्राभ्यास गटात असावाच. पण गटाची रचना ठरवताना माणसांची विचारपूस हा पाया धरावा आणि अभ्यास त्यावर उभा करावा, असे माझे मत आहे.

या मताला इतिहासाचा आधार आहे. 1742 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांची बैठक भरली ती सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज कसे फेडावे हे ठरवण्यासाठी. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी अशी सूचना आली, तेव्हा अनेकांना तेवढेही परवडणार नाही अशी अडचण कोणीतरी मांडली. त्यावर कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सांगितले की, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांना भेटेन, जे देतील त्यांच्याकडून घेईन आणि जे देऊ शकणार नाहीत त्यांचे मी भरीन. इतरांनीही तशीच जबाबदारी घेतली. वर्गणीसाठी घरोघर फिरताना या लोकांना अमक्याचे वागणे बरे नाही, तमक्याची अवस्था वाईट आहे असे दिसू लागले. आणि आपण फार दिवसांपासून जे शोधत होतो ते हेच, हे वेस्ली यांच्या ध्यानात आले. पुढे घरोघर फिरण्यात वेळ फार जाऊ लागला, काही नोकरांना त्यांच्या मालकांच्या घरी भेटणे अवघड होऊ लागले, म्हणून त्या बारा जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र जमावे असे ठरले. मेथडिस्ट चळवळीतील ‘क्लास मीटिंग’ ती हीच. यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे : आधी एका माणसावर अकरा जणांची नावानिशी जबाबदारी आली, विचारपूस सुरू झाली आणि एकत्र बसणे सोयीसाठी नंतर आले. आपण बहुधा उलटे करतो. बैठक आधी भरवतो आणि जबाबदारी कोणाची हे ठरवायचे राहून जाते.

हा पाया मान्य केला की गट किती मोठा असावा या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. दीड तासाच्या बैठकीत बारा जणांना पाच-पाच मिनिटे बोलायला दिली तरी एक तास संपतो. उरलेल्या अर्ध्या तासात वाचन आणि प्रार्थना कशीबशी बसते. वीस जण झाले की निम्मे लोक फक्त ऐकणारे होतात, आणि ते निम्मे प्रत्येक वेळी तेच असतात. नात्यांचा हिशेब केला तर बारा जणांत 66 जोड्या होतात, वीस जणांत 190. इतक्या सगळ्यांनी एकमेकांना खरोखर ओळखावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती उपासनास्थान या दृष्टीने बोलके आहे. ते मुळात राहते घर होते. जमणाऱ्यांसाठी पुढे दोन खोल्यांमधली भिंत काढून त्यांचे एक दालन करण्यात आले. त्या काळी ते गरजेचे असेल. पण आजच्या एखाद्या गटात बसायला जागा पुरेनाशी झाली की भिंत पाडण्याचा मोह टाळावा, कारण त्या क्षणी गट संपतो आणि दुसरी मंडळी सुरू होते. माझ्या अनुभवात आठ ते बारा ही संख्या झेपते. सहाच्या खाली गेल्यास दोघे गैरहजर राहिले की बैठक ओकीबोकी वाटते आणि उरलेल्यांना येणे हे ओझे होते.

गटप्रमुख कोण असावा, यावर सर्वांत जास्त चुका होतात. मंडळीत ज्याला चांगले बोलता येते, ज्याची प्रार्थना लांब असते किंवा ज्याचे घर मोठे असते त्याच्याकडे गट सोपवला जातो. बोलता येणे हा या कामात पुष्कळदा अडथळाच ठरतो. गटप्रमुखाला ऐकता आले पाहिजे, शांतता सहन करता आली पाहिजे, आणि एखादी गप्प बसणारी व्यक्ती बोलू लागली की तिचे वाक्य पूर्ण होऊ देण्याइतका धीर असला पाहिजे. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच तुम्ही पुष्कळ जण शिक्षक होऊ नका अशा इशाऱ्याने होते, तो इशारा गटप्रमुखांची नेमणूक करताना वाचून दाखवावा असे वाटते. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को या कॅथलिक संस्थेने लहान समूहांसाठी शास्त्रवाचनाची सात पायऱ्यांची जी पद्धत रूढ केली तिच्यात याची चांगली सोय आहे. सुरुवातीला प्रभूला आमंत्रण, मग उताऱ्याचे वाचन, मग ज्याला जो शब्द किंवा वाक्य भिडले ते त्याने मोठ्याने म्हणणे, मग काही वेळ शांत बसणे, मग मनात काय आले ते सांगणे, मग आपल्या हातून काय व्हावे याचा एकत्र विचार आणि शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना. एकाने जे सांगितले त्यावर दुसऱ्याने वाद घालायचा नाही किंवा प्रवचन करायचे नाही, हा तिचा कणा आहे. ज्याने कधी चारचौघांत तोंड उघडले नाही त्यालाही एक वाक्य वाचून दाखवता येते आणि तिथून सुरुवात होते. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ही पद्धत केवळ दुसऱ्यांची म्हणून दूर ठेवू नये. तिची एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे : उताऱ्याचा संदर्भ समजावणारे कोणी नसेल तर प्रत्येक जण आपल्याला हवा तो अर्थ काढतो, आणि तोच पवित्र आत्म्याने दिला असे म्हणू लागतो. म्हणून पुढच्या उताऱ्यावर पाळकांनी गटप्रमुखांना आधी थोडे मार्गदर्शन करून ठेवलेले बरे.

यजमान आणि गटप्रमुख या भूमिका वेगळ्या ठेवाव्यात. ज्याचे घर त्याचाच गट असे झाले की त्या घरातील रुसवेफुगवे गटात येतात आणि त्यांच्याविषयी कोणी काही बोलू शकत नाही. पहिल्या शतकातील विश्वासी घरोघर जमत असत याचे दाखले नव्या करारात अनेक आहेत. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांचे घर, नुंफाचे घर, फिलेमोनाचे घर. पण त्याच नव्या करारात करिंथ येथील मंडळीला प्रेषित पौलाने खडसावले आहे, ते एकत्र जमल्यावर एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो म्हणून. घरात जमण्याचा हा धोका तेव्हापासूनचा आहे. खाण्यापिण्याची चढाओढ सुरू झाली की ज्यांची ऐपत नाही ते आपल्या घरी बैठक ठेवायला कचरतात, मग दुसऱ्यांच्या घरी यायलाही संकोचतात, आणि काही दिवसांनी दिसेनासे होतात. त्यांच्या गैरहजेरीचे कारण कोणी विचारत नाही, कारण ते सर्वांना थोडेफार ठाऊक असते. बैठकीत पाण्याशिवाय काही द्यायचे नाही असा नियम काही गटांना कोरडा वाटेल. मला तो प्रेमाचा वाटतो. एका खोलीत राहणारे, घरातील इतर माणसे वेगळ्या श्रद्धेची असलेले, पाळीने काम करणारे अशांवर यजमानपणाची पाळी लादू नये. चर्चची एखादी खोली त्यांच्या गटाला उघडून द्यावी.

गट वस्तीप्रमाणे करावेत की वयाप्रमाणे, हा नेहमीचा वाद आहे. तरुणांचा एक, वृद्धांचा एक, नवविवाहितांचा एक असे गट पटकन जमतात आणि सुरुवातीला उत्साहाने चालतात, हे खरे. पण वृद्धांच्या गटात सगळेच वृद्ध असल्याने रुग्णालयात कोणी कोणाला न्यायचे हा प्रश्न पडतो, आणि तरुणांच्या गटात संसाराचे चटके खाल्लेले कोणी नसते. जवळपास राहणाऱ्या मिश्र वयाच्या लोकांचा गट जमायला वेळ घेतो, कुरकुर जास्त होते, तरी अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो. ज्या गोष्टी मिश्र गटात बोलता येत नाहीत त्यांसाठी स्त्रियांच्या किंवा पुरुषांच्या तीन-चार जणांच्या छोट्या बैठका असाव्यात. मेथडिस्टांमध्ये क्लासखेरीज ‘बँड’ नावाच्या छोट्या बैठका असत आणि त्यांत स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित असे वेगवेगळे बसत, ते याच कारणासाठी.

याच ठिकाणी गोपनीयतेचा मुद्दा येतो. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मंडळीभर झालेली असते, आणि ती पसरवणाराही ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हणूनच पसरवतो. चहाडीला प्रार्थनेचे वस्त्र चढवण्याची ही सवय मोडायची तर नियम स्पष्ट शब्दांत आणि प्रत्येक नवीन सभासदासमोर सांगावा लागतो : गटात ऐकलेले गटाबाहेर, स्वतःच्या जोडीदारापाशीसुद्धा, बोलायचे नाही, व्हॉट्सॲपच्या गटावर कोणाचा आजार किंवा घरचा प्रश्न त्याच्या संमतीशिवाय टाकायचा नाही. याला एक अपवादही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. लहान मुलाला इजा होत असल्याचे, कोणाला घरात मारहाण होत असल्याचे किंवा कोणी जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात असल्याचे कळले, तर ते गुपित राहू शकत नाही. योग्य व्यक्तीकडे, आणि गरज असेल तर कायद्याच्या यंत्रणेकडे, ते गेलेच पाहिजे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला केवळ क्षमा करायला सांगून आणि डोक्यावर हात ठेवून परत त्याच घरी पाठवणारा गट नसलेला बरा.

काही पाळकांना अशा गटांची धास्ती वाटते, हे मी समजू शकते. ही धास्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1664 च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी राजमान्य चर्चच्या पद्धतीबाहेर उपासनेसाठी जमणे गुन्हा ठरवले होते. स्वीडनमध्ये 1726 साली आलेली अशीच बंदी 1858 पर्यंत टिकली. दुसऱ्या बाजूने पाहिले तर भीती सर्वस्वी निराधारही नव्हती. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे फिलिप याकोब श्पेनर या ल्युथेरन पाळकांनी 1670 मध्ये आपल्या घरी सुरू केलेल्या बैठकींनी मंडळीला नवी जाग आणली, पण त्यांत बसणारे काही जण पुढे चर्चपासून वेगळे झाले, आणि श्पेनर यांना त्याचे दुःख झाले. स्वतःला इतरांहून अधिक आत्मिक समजू लागणे हा लहान गटाचा खास आजार आहे. त्यावरचा उपाय गट बंद करणे हा नाही. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, सुचवलेली व्यवस्था हा आहे. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमावीत, लहान बाबी त्यांनी सोडवाव्यात आणि अवघड प्रकरणे तेवढी मोशेकडे आणावीत. आजच्या भाषेत सांगायचे तर पाळकांनी महिन्यातून एकदा सर्व गटप्रमुखांसोबत बसावे, आणि कोण काय बोलले हे न विचारता कोण आले नाही, कोण आजारी आहे, कुठे माझी गरज आहे एवढेच विचारावे. जे पाळक ही बैठक नियमित घेतात त्यांच्या मंडळीत गट फुटण्याची शक्यता कमी. जे गट सुरू करून देतात आणि वर्षभर विसरतात त्यांनी नंतर फुटीरपणाची तक्रार करण्यात अर्थ नाही.

उत्तरदायित्व वरच्या दिशेनेही असले पाहिजे. दक्षिण कोरियातील सोल येथे पाळक चो योंग-गी यांची प्रकृती 1964 मध्ये अतिश्रमाने ढासळली, तेव्हा त्यांनी घरोघरचे गट चालवण्याची जबाबदारी सभासदांवर, मुख्यतः स्त्रियांवर सोपवली, आणि त्यांतून जगातील सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक उभी राहिली. स्त्रियांना गटप्रमुख करण्यास आजही जे कचरतात त्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे. त्याच पाळकांना 2014 साली न्यायालयाने मंडळीच्या पैशाच्या गैरव्यवहारात दोषी ठरवले, हेही पाहावे. तळाशी हजारो गट असले म्हणून शिखरावरचा कारभार आपोआप स्वच्छ होत नाही. गटांनी एकमेकांची विचारपूस करायची आणि वरच्यांची कोणी करायची नाही, असे होता कामा नये.

गटाची वाढ झाली की तो दुभंगून दोन करावा असा सल्ला सर्रास दिला जातो. वर्षभरात कशीबशी जुळलेली माणसे यादीवर रेघ मारून वेगळी करणे मला क्रूर वाटते, आणि म्हणूनच लोक नवीन माणसांना गटात आणत नाहीत, हे कोणी बोलून दाखवत नाही इतकेच. त्यापेक्षा प्रत्येक गटात सुरुवातीपासून एक सहायक प्रमुख तयार करावा, आणि वेळ आली की त्याने स्वेच्छेने येणाऱ्या दोघा-तिघांना घेऊन नवीन गटाची सुरुवात करावी. बाकीचे जिथे आहेत तिथे राहोत. प्रत्येक गटाला मुदत असावी, वर्षाची पुरे. मुदत संपल्यावर ज्याला थांबायचे आहे त्याला कारण न विचारता थांबता आले पाहिजे, नाहीतर लोक सुरुवातीलाच यायचे टाळतात.

पैशाविषयी थोडक्यात. गटात वर्गणी गोळा करू नये. गरजूला मदत द्यायची तर ती मंडळीच्या मदतनिधीतून, पावतीसह द्यावी. सभासदांनी गटात एकमेकांकडून उसने मागू नये. विम्याच्या पॉलिसी, साखळी पद्धतीची विक्री, गुंतवणुकीच्या योजना यांसाठी गटाचा उपयोग करणाऱ्याला पहिल्याच वेळी थांबवावे. विश्वासाच्या नात्यात नाही म्हणणे जड जाते, आणि असे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात.

ज्या मंडळ्या येत्या काळात गट सुरू करणार आहेत त्यांच्या कार्यकारिणीसाठी एक सूचना करते. वार आणि घरे ठरवण्याआधी सभासदांची संपूर्ण यादी समोर घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे, ही व्यक्ती दोन रविवार आली नाही तर ते सर्वप्रथम कोणाच्या लक्षात येईल, त्या माणसाचे नाव लिहावे. कुटुंबातील माणसाचे आणि पाळकांचे नाव चालणार नाही. पुष्कळ नावांपुढची जागा कोरी राहील : अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, नुकतेच मंडळीत आलेले, घटस्फोट झाल्यापासून मागच्या बाकावर बसणारे. गटांची आखणी या कोऱ्या जागांपासून सुरू करावी, आणि त्यांपैकी ज्यांना गटात येणे शक्य नसेल त्यांच्याकडे गटाने जावे.

आपली,
एक वाचक व मंडळीची सभासद